धाकटी मर्सिडीज आणि खानदानी नाव

रत्नागिरीला मामूंच्या घरी ओटीवरच्या भिंतीवर एक फोटो कित्येक वर्षे टांगलेला होता. शारजातल्या एका गॅरेजचे दार, ग्रीसने माखलेले कपडे, आणि पांढऱ्या मोटारीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे असलेले तरुण मामू. खाली पेनाने लिहिलेले साल : १९८५. आम्हा पोरांना त्या फोटोतली एकच गोष्ट ओळखू यायची, ती म्हणजे बॉनेटवरचा तीन टोकांचा तारा. तारा म्हणजे मर्सिडीज आणि मर्सिडीज म्हणजे शेखांची गाडी, एवढे आमचे ज्ञान. मग ही मर्सिडीज एवढीशी कशी, असे मी एकदा विचारले. मामू म्हणाले, "वरून बघशील तर धाकटी. रॅम्पवर चढवून खालून बघ, थोरलीपेक्षा थोरली."

त्यावेळी काही कळले नाही. पुढे मोटारींचा इतिहास वाचायचा नाद लागला तेव्हा लक्षात आले, की मिस्त्रीने एका वाक्यात सांगितलेली गोष्ट या उद्योगातल्या भल्याभल्या साहेबांना कळायला करोडोंचा चुराडा करावा लागला होता.

फोटोतली गाडी मर्सिडीज १९०. कंपनीच्या दप्तरी तिचे नाव डब्ल्यू २०१, लोकांच्या तोंडी 'बेबी बेंझ'. ती ८ डिसेंबर १९८२ ला लोकांसमोर आली. कार्ल बेंझने आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट १८८६ मध्ये घेतले होते, म्हणजे घराणे तोवर शंभरीला टेकले होते. राष्ट्राध्यक्ष, राजे, कारखानदार या गाडीत मागच्या सीटवर बसत आणि पुढे शोफर असे. अशा घराण्याने लहान गाडी काढायची म्हणजे हवेलीच्या मालकाने चाळीत खोली घेण्यासारखेच लोकांना वाटणार. तरीही त्यांनी ती काढली. का काढली, आणि नाव कसे राखले, हे पाहण्यासारखे आहे.

खरे तर हा पहिला प्रयत्न नव्हताच. १९३४ च्या बर्लिन प्रदर्शनात याच कंपनीने '१३०' नावाची छोटी गाडी मांडली होती. मुख्य अभियंता हान्स निबेल हा शर्यतीच्या गाड्यांसाठी नावाजलेला माणूस. त्याने चाल मोठी धाडसी केली आणि इंजिन मागे टाकले. इंजिन होते १.३ लिटरचे. पण ते मागच्या चाकांच्याही पलीकडे लोंबत असल्यामुळे वजनाचा मोठा हिस्सा शेपटीकडे गेला आणि वळणावर गाडीची मागची बाजू बाहेर फेकली जाऊ लागली. दोन वर्षांनी तिची सुधारलेली बहीण १७० एच आली, आणि तिच्याच जोडीला पुढे इंजिन असलेली साधीसुधी १७० व्ही. मागच्या इंजिनाची गाडी महाग, सामानाला जागा कमी. गिऱ्हाइकाने काय केले असेल ते सांगायला नको. १७० व्ही ही युद्धाआधीची सर्वाधिक खपलेली मर्सिडीज ठरली. लहान गाडी बनवताना नवे तंत्र आणले म्हणून कोणी माफ करत नाही, हा धडा तेव्हाच मिळाला होता. साठ वर्षांनी तोच धडा पुन्हा गिरवावा लागला. त्याकडे पुढे येतोच.

युद्धानंतर कंपनीने दुसरा मार्ग काढून पाहिला : लहान गाडी स्वतः करायची नाही, करणाऱ्याला विकत घ्यायचे. १९५८ मध्ये तिने ऑटो युनियनवर ताबा मिळवला. त्या कंपनीच्या डीकेडब्ल्यू गाड्या लहान माणसांच्या गाड्या म्हणून खपत असत. पण दोन घरांचा संसार जमला नाही आणि १९६० च्या दशकाच्या मध्याला ती कंपनी फोक्सवॅगनला विकून टाकली. जाता जाता घडलेली गंमत अशी की मर्सिडीजने तिकडे पाठवलेला अभियंता लुडविग क्राऊस तिथेच राहिला आणि त्याने 'ऑडी १००' घडवली. आज मर्सिडीजला घाम फोडणाऱ्या ऑडीच्या पायाभरणीत मर्सिडीजचाच माणूस होता.

म्युनिकच्या बीएमडब्ल्यूची कहाणी याच्या उलटी. १९५० च्या दशकात तिच्याकडे दोनच टोके होती. एकीकडे व्ही ८ इंजिनाच्या भपकेदार गाड्या, ज्यांत प्रत्येक विक्रीला तोटा. दुसरीकडे इटलीच्या परवान्यावर बनवलेली इझेटा, जिचे दार पुढूनच फ्रिजसारखे उघडे. मध्ये काहीच नाही. ९ डिसेंबर १९५९ च्या भागधारकांच्या सभेत कंपनी मर्सिडीजच्या घशात जायची वेळ आली होती. ती वाचली आणि नंतर हर्बर्ट क्वांट यांनी पैसा ओतला. मग १९६० च्या दशकात 'नवा वर्ग' नावाच्या मध्यम आकाराच्या गाड्या आल्या, त्यांच्यातून १९६६ मध्ये दोन दारांची छोटी गाडी निघाली, १९६८ मध्ये तिची २००२ झाली आणि १९७५ मध्ये थ्री सिरीज. म्हणजे बीएमडब्ल्यूचा आजचा रुतबा लहान गाडीतूनच उभा राहिला. मर्सिडीजला वरून खाली उतरायचे होते, बीएमडब्ल्यू खालून वर चढली. उतरणे नेहमीच अवघड. चढणाऱ्याचे कौतुक होते, उतरणाऱ्याची चर्चा होते.

उतरायला भाग पाडले ते तेलाने. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलाचा पुरवठा आवळला आणि जर्मनीत रविवारी मोटारी रस्त्यावर आणायला बंदी झाली. अमेरिकेने १९७५ मध्ये कायदा केला की कंपनीच्या एकेका गाडीचे नव्हे, तर ती विकत असलेल्या सगळ्या गाड्यांचे सरासरी मायलेज मोजले जाईल. १९८५ पर्यंत ही सरासरी गॅलनला २७.५ मैल, म्हणजे आपल्या हिशेबात लिटरला साधारण पावणेबारा किलोमीटर व्हायला हवी होती. मर्सिडीज अमेरिकेत थोराड गाड्या विकत होती. त्या विकत राहायच्या तर सरासरी वर नेणारी कोणीतरी धाकटी हवी होती. कुटुंबात कधीकधी धाकट्याच्या पगारावर थोरल्याची ऐट चालते, तसलाच हा मामला. (आणि त्याच तेलाच्या पैशावर आखातात जी गॅरेजे उभी राहिली, त्यांत आमच्या कोकणातली पोरे गेली. इतिहासाचे धागे असे कुठून कुठे निघतात.)

१९० च्या मागे जे काम झाले ते पाहिले की मामूंचे वाक्य उलगडते. गाडी ४.४२ मीटर लांब. आज हा आकार कोणी लहान म्हणणार नाही, पण तेव्हाच्या मर्सिडीजच्या मानाने ती खरोखर पोरसवदा होती. वजन घटवायला जास्त ताकदीचे पोलाद वापरले. पुढच्या काचेला वायपर एकच. हवेचा विरोध कमी व्हावा म्हणून मागची डिकी उंच आणि आखूड ठेवली. हे सारे दिसणारे. न दिसणारे होते मागच्या चाकांपाशी. गाडी आखूड झाली की ती वळणावर चंचल होते, खड्ड्यात उसळते. मोठी गाडी आपल्या लांबीवजनाने जे सहज पेलते ते लहानीला जमत नाही. म्हणून अभियंत्यांनी मागच्या प्रत्येक चाकाला पाच वेगवेगळ्या दांड्यांनी धरले. प्रत्येक दांडी एकेका दिशेची ओढ सांभाळते, त्यामुळे चाक वरखाली झाले तरी रस्त्यावर सरळ उभे राहते. अशी रचना कंपनीच्या मोठ्या सलूनमध्येही तेव्हा नव्हती. ती आधी धाकटीला मिळाली आणि दोन वर्षांनी, १९८४ मध्ये, मधल्या आकाराच्या डब्ल्यू १२४ ला. थोरल्याचे उतरलेले कपडे धाकट्याने घालायचे ही घरोघरची रीत. इथे धाकटीच्या अंगावरचे थोरल्या बहिणीला शिवले गेले.

रूपाची जबाबदारी ब्रुनो साक्को यांच्याकडे होती. हे इटलीतल्या उदिनेचे, पण सारी हयात जर्मनीत मर्सिडीजसाठी घालवलेली. वारशाबद्दल त्यांचे दोन नियम होते, आणि मला ते कुठल्याही कलेला लागू पडतील असे वाटतात. पहिला आडव्या नात्याचा : एकाच वेळी रस्त्यावर असलेल्या घराण्यातल्या सगळ्या गाड्या एकमेकींच्या बहिणी दिसल्या पाहिजेत. दुसरा उभ्या नात्याचा : नवी गाडी आली म्हणून जुनी गाडी म्हातारी दिसता कामा नये. दुसरा नियम जास्त कठीण. बाजाराचा सारा धंदा जुने म्हातारे दाखवण्यावर चालतो. पण मर्सिडीज वीस-पंचवीस वर्षे चालते हा तिचा खरा लौकिक, आणि तो राखायचा तर कालच्या गिऱ्हाइकाला आज ओशाळे वाटता कामा नये. १९० पुढून पाहिली तर १९७९ च्या एस क्लासची लेक वाटते, पण तिच्या अंगावर क्रोमचा सोस नाही.

नावातही विचार होता. '१९०' हा आकडा १९५० च्या दशकातल्या मर्सिडीजचा. पुढे गाडीत २.३ आणि २.६ लिटरची इंजिने आली तेव्हा आकडा इंजिनाशी जुळेना, तरी '१९०' सोडला नाही. '१९० ई २.३' असे दुहेरी नाव लावले. घराण्याचे आडनाव आधी, कर्तृत्व मागून.

टीका झालीच. मागे पाय पसरायला जागा नाही, आत सगळे कोरडे आणि काळे, आणि एवढे पैसे मोजून रेडिओसुद्धा वेगळा घ्यायचा! या तक्रारी खोट्या नव्हत्या. कंपनीने उत्तर जाहिरातीत कमी आणि रस्त्यावर जास्त दिले. ऑगस्ट १९८३ मध्ये इटलीतल्या नार्दोच्या गोल ट्रॅकवर १६ व्हॉल्व्हच्या १९० गाड्या ५०,००० किलोमीटर पळवल्या, सरासरी वेग ताशी जवळजवळ २४८ किलोमीटर. १२ मे १९८४ ला नवा न्यूरबर्गरिंग ट्रॅक खुला झाला तेव्हा नामवंत चालकांना एकसारख्या १९० देऊन शर्यत लावली. जिंकला त्याच वर्षी फॉर्म्युला वनमध्ये आलेला एक ब्राझिलियन पोरगा, आयर्टन सेना. दुसरा आला निकी लाउडा. १९९३ पर्यंत या गाड्या जवळपास १९ लाख बनल्या, आणि तिच्या जागी जी आली तिला सी क्लास म्हणतात.

याच काळात अमेरिकेत कॅडिलॅकने काय केले ते थोडक्यात सांगतो. तिलाही लहान गाडी घाईने हवी होती. १९८१ मध्ये तिने शेव्हरोले कॅव्हेलियर घेतली, आत चामडे लावले, पुढे कॅडिलॅकचे बोधचिन्ह डकवले आणि 'सिमॅरॉन' म्हणून विकायला काढली. लोकांनी खालून बघायचीही तसदी घेतली नाही, वरूनच ओळखली. १९८८ मध्ये ती बंद पडली. तीस वर्षांनी ॲस्टन मार्टिनने टोयोटाची इवलीशी आयक्यू घेऊन 'सिग्नेट' केली, कारण युरोपात आता धुराची सरासरी मोजू लागले होते. किंमत मूळ गाडीच्या जवळजवळ तिप्पट. २०११ ते २०१३ एवढेच तिचे आयुष्य. बडा घर पोकळ वासा, दुसरे काय! जॅग्वारची एक्स टाइप एवढी वाईट नव्हती, पण तिच्या अंगाखाली फोर्ड मॉन्डेओ आहे हे वाक्य तिला आठ वर्षे चिकटून राहिले. टाटांनी २००८ मध्ये जॅग्वार घेतली आणि पुढच्याच वर्षी ती गाडी थांबली.

इथपर्यंत हिशेब सोपा दिसतो : उसने घेतलेले बुडते, स्वतः घडवलेले तरते. पण इतिहास इतका सरळ वागत नाही. ऑडीने १९९६ मध्ये फोक्सवॅगन गोल्फच्याच पायावर ए ३ उभी केली आणि ती जोरात खपली. मग १९९९ मध्ये त्याच ऑडीने ए २ दाखवली : अख्खा सांगाडा अल्युमिनियमचा, वजन ९०० किलोच्या आसपास, पेट्रोल-डिझेलला कंजूष. प्रामाणिक कामाचा नमुना. सहा वर्षांत पावणेदोन लाखांच्या आसपास खपली आणि बंद झाली. उसनी चालली, अस्सल पडली. माझा अंदाज असा, की ए ३ ऑडीसारखी दिसत होती आणि ए २ दिसत नव्हती. साक्कोंचा आडव्या नात्याचा नियम तिने मोडला होता.

मर्सिडीजच्या ए क्लासचेही काहीसे तेच. १९० ही कंपनीतली लहान होती, ही खरोखरच लहान होती. १९९७ मध्ये आलेल्या या गाडीची लांबी ३.५७ मीटर. रास्टाटच्या कारखान्यात बनलेली, पुढच्या चाकांवर चालणारी मर्सिडीजची पहिली मोटार. आतली कल्पना फार सुंदर होती. जमीन दुहेरी, सँडविचसारखी. मधल्या पोकळीत पुढे विजेच्या बॅटऱ्या ठेवता याव्यात असा दूरचा विचार. इंजिन तिरपे बसवलेले, म्हणजे समोरून धडक बसली तर ते माणसांच्या पायांवर न येता जमिनीखाली सरकेल. छोट्या गाडीत मोठ्या गाडीची सुरक्षितता, हाच तिचा दावा. पण दुहेरी जमिनीमुळे माणसे उंच बसली आणि गाडी अरुंद, उंच डब्यासारखी झाली.

२१ ऑक्टोबर १९९७. स्वीडनमधल्या 'टेक्निकेन्स वार्ल्ड' या मासिकाचा पत्रकार रॉबर्ट कोलिन याने तिची चाचणी घेतली. स्वीडनच्या रस्त्यांवर रात्री मूझ नावाचे घोड्याएवढे थोराड हरीण अचानक आडवे येते. त्याला चुकवायला गाडी झटकन डावीकडे आणि लगेच उजवीकडे घ्यावी लागते. तिथे ही चाचणी जुनीच. ताशी साठ किलोमीटरच्या आसपास ए क्लास उलटली. मर्सिडीज, जी अपघातात माणूस वाचवते म्हणून विकली जात होती, ती हरीण चुकवताना छपरावर! जर्मन वर्तमानपत्रांनी लगेच पूर्व जर्मनीच्या खटारा ट्राबांटला त्याच चाचणीतून पार होताना दाखवले. त्याहून मोठा अपमान कल्पनेतही नसेल.

आधी कंपनी गुरगुरली. अशी चाचणी अवास्तव आहे, टायरचा दोष आहे, वगैरे. आठवडाभरात सूर बदलला. नोव्हेंबरमध्ये विक्री बारा आठवडे थांबवली, सस्पेन्शन बदलले आणि प्रत्येक ए क्लासमध्ये ईएसपी बसवायचे ठरवले. ही यंत्रणा चाकांचा वेग आणि गाडीचा रोख पाहते, आणि गाडी घसरू लागली की नेमक्या एकाच चाकाला ब्रेक लावून तिला जागेवर आणते. बॉशबरोबर बनवलेली ही चीज १९९५ मध्ये पहिल्यांदा आली ती एस क्लासच्या कूपेमध्ये, म्हणजे घराण्यातल्या सर्वांत महागड्या अंगणात. दोन वर्षांनी ती सर्वांत स्वस्त मर्सिडीजमध्ये फुकट आली. खर्च ३० कोटी मार्कांच्या घरात गेला. जाहिरातीत टेनिसपटू बोरिस बेकर चुकांमधून शिकणाऱ्याची थोरवी सांगू लागला. पहिल्या ए क्लासच्या ११ लाखांवर गाड्या बनल्या. मर्सिडीजच्या सर्वांत लहान गाडीत ईएसपी आहे म्हटल्यावर बाकीच्यांना ते टाळणे जड गेले, आणि नोव्हेंबर २०१४ पासून युरोपात प्रत्येक नव्या मोटारीला ते सक्तीचे झाले. त्या उलटलेल्या गाडीने किती जीव वाचवले याचा हिशेब कोणी मांडू शकणार नाही.

आणि तरीही मर्सिडीजनेच तिला सोडून दिले. २०१२ ची ए क्लास पाहा : जुनीपेक्षा जवळजवळ वीतभर बुटकी, लांब नाकाची, आक्रमक चेहऱ्याची. दुहेरी जमीन गेली. युरोपात तिच्या एका डिझेल आवृत्तीत तर रेनॉचे दीड लिटरचे इंजिन आले. आता ती बाकीच्या हॅचबॅकांसारखीच होती, फक्त तारा मोठा झाला होता. खप दणदणीत झाला, तरुण गिऱ्हाईक आले. बाजाराच्या मोजपट्टीने निर्णय बरोबर. मला मात्र ती उंच, वेडीविद्री, आतून हुशार असलेली पहिली ए क्लासच जास्त मर्सिडीज वाटते. हे मत भावनेचे असेल, असू दे.

आपल्याकडे या घराण्याची मोटार १९९५ मध्ये पुण्यात बनू लागली, पिंपरीला टेल्कोच्या आवारात. पहिली गाडी डब्ल्यू १२४, त्याच पाच दांड्यांची. पण युरोपात तिची वारसदार त्याच वर्षी आली होती, आणि हे आपल्या गिऱ्हाइकाला चांगले ठाऊक होते. अपेक्षेइतकी ती खपली नाही. २००९ मध्ये कारखाना चाकणला गेला. भारत सरकारने २००६ मध्ये चार मीटरच्या आतल्या गाड्यांवरचा कर कमी केला, तेव्हा जर्मनीत बनणारी ए क्लास ३.८४ मीटरची होती. लांबीत बसत होती, इंजिनाच्या मर्यादेत बसत नव्हती. २०१३ मध्ये ती भारतात आली तोवर लांबीतही बसेना. २०२१ मध्ये आली ती डिकीवाली ए क्लास, कारण आपल्याला डिकीशिवाय गाडी अर्धी वाटते. आणि २०२२ मध्ये कंपनीने जाहीर केले की लहान गाड्यांचे सात प्रकार चारवर आणायचे आणि पैसा वरच्या, महागड्या गाड्यांत घालायचा. जिना पुन्हा वर निघाला आहे.

मागे भाच्याच्या गाडीखरेदीच्या निमित्ताने मामूंना पुण्यात एका शोरूमला नेले होते. आता वय ऐंशीकडे झुकलेले, गुडघे दुखतात. ए क्लासभोवती त्यांनी दोन फेऱ्या मारल्या, दार एकदा उघडून लावले, आवाज ऐकला. विक्रेत्या मुलाने आदबीने आत बसवले, पडदा लावला, रंगीत दिवे बदलून दाखवले, गाडीशी बोलूनही दाखवले. मामूंनी सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "बेटा, रॅम्प कुठे आहे?"

तो म्हणाला, "सर, तो वर्कशॉपमध्ये. इथे कोणी मागत नाही."